सर्वांची मिळून एक वही

‘मशिन बंद आहे, पुढच्या आठवड्यात या.’ सरकारी रुग्णालयात हे वाक्य ज्याने कधीच ऐकले नाही, असा माणूस विरळाच. कधी एक्स-रेचे यंत्र बंद असते, कधी ईसीजीचे, तर कधी नवजात बाळाला ऊब देणारा वॉर्मर. यंत्र समोर दिसत असते, त्यावर प्लास्टिकचे आच्छादन असते, भिंतीतल्या सॉकेटमध्ये वीजही असते. पण ते चालत नाही आणि ते का चालत नाही, हे सांगणारे त्या इमारतीत कोणी नसते.

हे चित्र किती मोठे आहे, याची मोजदाद झालेली आहे. राष्ट्रीय आरोग्य अभियानाने देशातील सरकारी आरोग्य संस्थांमधील उपकरणांची यादी करण्याचे काम हाती घेतले, तेव्हा २९,११५ संस्थांमध्ये ७,५६,७५० उपकरणे आढळली. त्यांची किंमत सुमारे ४,५६४ कोटी रुपये होती. त्यांपैकी बंद असलेल्या उपकरणांचे प्रमाण राज्याराज्यांत वेगवेगळे, म्हणजे १३ ते ३४ टक्के निघाले. यातूनच २०१५मध्ये उपकरणांच्या देखभालीचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. ही अडचण आपल्यापुरती नाही. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांनी २०११मध्ये १६ देशांतील १,१२,०४० उपकरणांच्या नोंदी तपासल्या. तेथे ३८.३ टक्के उपकरणे बंद होती.

आपला पहिला तर्क असा असतो, की सुटा भाग मिळत नसेल. परदेशातून मागवावा लागत असेल, पैसे नसतील. हे कारण आहेच, पण ते आपल्याला वाटते तेवढे मोठे नाही. ड्यूक विद्यापीठाच्याच संशोधकांनी त्याआधी, २०१०मध्ये आणखी एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. ११ देशांतील साधनांची चणचण असलेल्या ६० रुग्णालयांतून आलेल्या दुरुस्तीच्या २,८४९ मागण्या त्यांनी तपासल्या. बंद पडलेल्या उपकरणांपैकी ६६ टक्के उपकरणे केवळ १०७ मूलभूत कौशल्यांच्या बळावर पुन्हा चालू करता येतील, असा त्यांचा निष्कर्ष होता. ही कौशल्ये कोणती? वीजजोडणी तपासणे, फ्यूज बदलणे, तुटलेली तार जोडणे, नळी साफ करणे, मोटारीकडे पाहणे आणि यंत्र वापरणाऱ्याला ते नीट वापरायला शिकवणे. यासाठी परदेशातून काही आणावे लागत नाही. लागते ती माहिती. योग्य माणसाला, योग्य यंत्राबद्दल, योग्य वेळी मिळालेली.

ही माहिती ठेवायची कुठे आणि कोणी, हा आजचा विषय. तो रुक्ष वाटेल, कारण ‘तांत्रिक दस्तऐवज’ म्हटले की धूळ खात पडलेल्या फायली डोळ्यांसमोर येतात. पण गेल्या तीस वर्षांत या कामासाठी एक साधे साधन तयार झाले आहे. त्याचे नाव आपण रोज ऐकतो, पण त्याचा हा उपयोग फारसा लक्षात घेत नाही. ते साधन म्हणजे विकी.

पुस्तिकेत नसलेले ज्ञान

कोणत्याही यंत्राबद्दलचे ज्ञान दोन ठिकाणी असते. एक, कंपनीने दिलेल्या पुस्तिकेत. दुसरे, ते यंत्र रोज हाताळणाऱ्यांच्या डोक्यात. पुस्तिका यंत्र बाजारात येण्याआधी लिहिलेली असते. यंत्र पावसाळ्यातल्या दमट खोलीत, विजेचा दाब वरखाली होत असताना, दिवसाला ठरल्यापेक्षा तिप्पट वापरले गेले तर काय होते, हे पुस्तिका लिहिणाऱ्याला माहीत नसते. ते कळते वापरणाऱ्याला.

गेल्या शतकाच्या ऐंशीच्या दशकात झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात ज्युलियन ऑर हे मानववंशशास्त्रज्ञ काम करत होते. मानववंशशास्त्रज्ञ एखाद्या जमातीबरोबर राहून तिचे जगणे समजून घेतो, तसे ऑर फोटोकॉपी यंत्रे दुरुस्त करणाऱ्या तंत्रज्ञांबरोबर हिंडले. त्यांच्यासोबत गिऱ्हाइकांकडे गेले, त्यांच्यासोबत नाश्ता केला. कंपनीने तंत्रज्ञांना जाडजूड पुस्तिका दिल्या होत्या. ‘अमुक खूण दिसली तर तमुक करा’ अशी त्यांची रचना होती. पण यंत्रे पुस्तिकेप्रमाणे बिघडत नव्हती. मग तंत्रज्ञ काय करत? ते एकमेकांना गोष्टी सांगत. ‘त्या अमक्या ऑफिसातल्या यंत्राने असाच घोळ घातला होता, शेवटी कळले की...’ अशा किश्श्यांतून ते दोष हुडकत. कंपनीच्या हिशेबात ज्या चहापानाच्या गप्पा वाया गेलेला वेळ होत्या, त्याच खऱ्या अर्थाने दुरुस्तीची शाळा होत्या. ऑर यांनी हे सारे १९९६मध्ये पुस्तकरूपाने मांडले.

या निरीक्षणाचा झेरॉक्सने उपयोग करून घेतला. नव्वदच्या दशकात फ्रान्समधील तंत्रज्ञांसाठी ‘युरेका’ नावाची व्यवस्था सुरू झाली. एखाद्या तंत्रज्ञाला नवी युक्ती सापडली, की त्याने ती लिहून पाठवायची. अनुभवी सहकाऱ्यांनी ती तपासायची. खरी ठरली, की ती लिहिणाऱ्याच्या नावासह सर्वांना दिसायची. पुढे ही व्यवस्था इतर देशांतही गेली. यातील तीन गोष्टी लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. लिहिणारा प्रत्यक्ष काम करणारा होता. तपासणारेही त्याच कामातले होते. आणि लिहिलेल्या ओळीवर नाव होते.

विमानतळावरची बस

त्याच सुमारास अमेरिकेच्या ऑरेगन राज्यात वॉर्ड कनिंगहॅम या संगणक प्रोग्रामरपुढे असाच प्रश्न होता. कार्यक्रम लिहिताना पुन्हापुन्हा येणाऱ्या अडचणी आणि त्यांवरचे उपाय अनेक प्रोग्रामरना एकत्र लिहून ठेवायचे होते. प्रत्येकाने मजकूर पाठवायचा आणि कनिंगहॅम यांनी तो चढवायचा, यात वेळ जात होता. त्यांनी उलटा विचार केला. वाचणाऱ्यालाच पान बदलण्याची सोय दिली तर? २५ मार्च १९९५ रोजी त्यांनी अशी जागा सर्वांसाठी खुली केली. तिला नाव काय द्यावे, याचा विचार करताना त्यांना होनोलुलूच्या विमानतळावरची बस आठवली. एका टर्मिनलवरून दुसऱ्या टर्मिनलवर नेणाऱ्या त्या बसला ‘विकी विकी’ म्हणत. हवाईच्या भाषेत ‘विकी’ म्हणजे झटपट. अशा रीतीने ‘विकीविकीवेब’ जन्माला आले.

म्हणजे विकीचा जन्म विश्वकोशासाठी झालेला नाही. तो झाला एकाच व्यवसायातील माणसांनी कामाच्या नोंदी मिळून ठेवाव्यात यासाठी. विकिपीडिया त्यानंतर सहा वर्षांनी, १५ जानेवारी २००१ रोजी आला आणि इतका मोठा झाला की विकी म्हणजेच विकिपीडिया, असा समज रूढ झाला. मराठी विकिपीडियाही १ मे २००३ पासून चालू आहे. पण विकी हा मुळात एक प्रकार आहे. जशी वही. वहीत कविता लिहिता येते, तसा किराण्याचा हिशेबही.

एका पानाची गोष्ट

हे साधन चालते कसे, ते एका काल्पनिक उदाहरणाने पाहू. समजा, एका जिल्हा रुग्णालयात विकी आहे आणि त्यात सक्शन मशिनचे एक पान आहे. रुग्णाच्या घशातील, श्वासमार्गातील स्राव ओढून काढणारे हे यंत्र. तंत्रज्ञाने पहिल्या दिवशी दोनच ओळी लिहिल्या: ‘ओढ कमी झाली तर आधी बाटलीच्या झाकणाची रबरी रिंग पाहा. ती चिरली असेल तर हवा आत शिरते.’ आठवड्याने एका परिचारिकेने खाली भर घातली: ‘बाटली भरत आली की आतला तरंगणारा गोळा वर येऊन ओढ बंद करतो. हा बिघाड नव्हे. बाटली रिकामी करा.’ तिसऱ्याने रिंगेचा फोटो चिकटवला. चौथ्याने लिहिले की नवी रिंग भांडारात कोणत्या नावाने मागायची. महिन्याभरात दोन ओळींचे एक उपयोगी पान झाले. यातील एकाही माणसाला ते सगळे पान एकट्याने लिहिता आले नसते.

आता कोणी तरी घाईत त्यात चुकीची ओळ घातली, तर? येथे विकीचा मुख्य गुण उपयोगी पडतो. विकीतील प्रत्येक बदल जुन्या मजकुरावर रंग फासत नाही, तो वेगळी आवृत्ती म्हणून साठवला जातो. कोणी, कोणत्या तारखेला, किती वाजता, कोणता शब्द बदलला हे एका यादीत दिसते. दोन आवृत्त्या शेजारीशेजारी ठेवून फरक पाहता येतो. चूक दिसली, की एका कळीसरशी आधीची आवृत्ती परत आणता येते. चूक करणे जितके सोपे, तितकेच ती निस्तरणेही सोपे. म्हणून माणसे लिहायला धजावतात.

प्रत्येक पानाला एक चर्चेचे पान जोडलेले असते. मतभेद तेथे मांडायचे. मुख्य पान वाचणाऱ्याला वाद वाचावा लागत नाही, पण ज्याला निर्णयामागचे कारण हवे आहे त्याला ते सापडते. ज्यांना एखाद्या पानाची काळजी आहे, ते त्यावर नजर ठेवू शकतात. बदल झाला की त्यांना कळते. आणि एक छोटीशी, पण हुशारीची सोय: अजून न लिहिलेल्या पानाचाही दुवा देता येतो. कनिंगहॅम यांच्या मूळ विकीत अशा शब्दापुढे प्रश्नचिन्ह दिसे, विकिपीडियात तो लाल रंगात दिसतो. काय लिहायचे राहिले आहे, याची यादी आपोआप तयार होत जाते.

व्हेंटिलेटर आणि ग्रंथपाल

२०२०च्या वसंतात या सगळ्याची कसोटी लागली. करोनाच्या साथीत जगभर व्हेंटिलेटर कमी पडत होते. नवे यंत्र मिळेपर्यंत असलेले यंत्र बंद पडू न देणे महत्त्वाचे होते. पण रुग्णालयांतील बायोमेडिकल तंत्रज्ञांना दुरुस्तीची पुस्तिकाच मिळेना. काही कंपन्या ती फक्त आपल्या सेवाकराराच्या ग्राहकांना देत, काही ती मागणाऱ्याला ताटकळत ठेवत. तंत्रज्ञ मग एकमेकांकडे जुन्या प्रती मागत फिरत.

कॅलिफोर्नियातील आयफिक्सिट ही संस्था तेव्हा पुढे आली. तिची सुरुवात २००३मध्ये कॅलिफोर्निया पॉलिटेक्निकच्या दोन विद्यार्थ्यांनी, काइल वीन्स आणि ल्यूक सोल्स यांनी केली होती. वीन्स यांचा लॅपटॉप बिघडला, दुरुस्तीची पुस्तिका कुठेही मिळाली नाही, आणि त्या चिडीतून ही कल्पना निघाली. फोनपासून धुलाई यंत्रापर्यंतच्या वस्तूंच्या दुरुस्तीची सचित्र पाने तेथे कोणीही लिहू शकतो आणि सुधारू शकतो. म्हणजे ती एक विकीच आहे.

मार्च २०२०मध्ये या संस्थेने वैद्यकीय उपकरणांच्या पुस्तिका गोळा करायला घेतल्या. तंत्रज्ञांनी आपल्याकडच्या प्रती पाठवल्या. पण नुसता ढीग उपयोगाचा नसतो. कोणती पुस्तिका कोणत्या कंपनीच्या कोणत्या मॉडेलची, हे लावून ठेवावे लागते. त्या कामाला ग्रंथपाल आणि अभिलेखपाल धावून आले. त्यांची ग्रंथालये साथीमुळे बंद होती, हात मोकळे होते. दोनशेहून अधिक जणांनी दोन महिने काम केले आणि मे महिन्यात १३,०००हून अधिक पुस्तिकांचा संग्रह विनामूल्य खुला झाला. साथीच्या काळातील वीरांच्या याद्यांमध्ये ग्रंथपाल फारसे दिसले नाहीत. पण कुठल्या तरी रुग्णालयात मध्यरात्री एखाद्या तंत्रज्ञाला हवे ते पान दोन मिनिटांत सापडले असेल, तर त्यामागे त्यांची मेहनत होती.

हे काम सुरळीत झाले नाही. एका उत्पादक कंपनीने कॉपीराइटचा मुद्दा पुढे करत आपल्या पुस्तिका काढून टाका, अशी नोटीस पाठवली. संस्थेने नकार दिला. कंपन्यांचा युक्तिवाद साधारण असा असतो, की बाहेरच्या माणसाने यंत्र उघडले तर रुग्णाच्या जिवाला धोका होईल. ही शंका अगदीच टाकाऊ नाही. पण अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१८मध्ये या प्रश्नावर अहवाल दिला, तेव्हा बाहेरच्या दुरुस्तीमुळे सुरक्षेचा व्यापक धोका आहे असे म्हणण्याइतका पुरावा त्यांना आढळला नाही. उलट, असे दुरुस्ती करणारे उपलब्ध असणे आरोग्यव्यवस्था चालण्यासाठी अत्यावश्यक आहे, असे त्यात म्हटले होते. ऑक्टोबर २०२१मध्ये तेथे वैद्यकीय उपकरणांच्या निदान, देखभाल आणि दुरुस्तीसाठी यंत्रातील सॉफ्टवेअरचे कुलूप उघडण्यास कॉपीराइट कायद्यातून सूटही मिळाली.

प्रयोगशाळेतली पाककृती

दुरुस्तीप्रमाणेच संशोधनातही पुस्तिकेत न मावणारे ज्ञान असते. शोधनिबंधात प्रयोगाची पद्धत चार ओळींत उरकलेली असते. प्रत्यक्षात तो प्रयोग करायला बसले, की घरातल्या पाककृतीसारखी गत होते. ‘चवीपुरते मीठ’ म्हणजे किती, हे लिहिलेलेच नसते. २००५मध्ये मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये जीवशास्त्रातील संशोधकांनी ‘ओपनवेटवेअर’ नावाची विकी सुरू केली, ती अशा प्रयोगपद्धती एकमेकांना देण्यासाठी. एका प्रयोगशाळेत शिकलेले धडे दुसरीला नव्याने शिकावे लागू नयेत, एवढाच त्यामागचा हेतू.

इंग्लंडमधील सँगर इन्स्टिट्यूटमध्ये ‘आरफॅम’ हा आरएनए रेणूंच्या कुळांचा माहितीसंच सांभाळला जात होता. प्रत्येक कुळाचे वर्णन लिहायला आणि अद्ययावत ठेवायला मूठभर माणसे अपुरी पडत होती. २००७मध्ये त्यांनी ही वर्णने सरळ विकिपीडियावर नेली आणि जगभरच्या तज्ज्ञांना ती तेथेच सुधारण्याचे आवाहन केले. पुढच्याच वर्षी ‘आरएनए बायॉलॉजी’ या नियतकालिकाने एक पाऊल पुढे टाकले. आरएनएच्या कुळांविषयीच्या विभागात निबंध द्यायचा असेल, तर लेखकाने त्याच विषयावर विकिपीडियासाठीही पान लिहिले पाहिजे, अशी अट घातली. संशोधकाला निबंधाचे श्रेय मिळते, विकीच्या पानाचे मिळत नाही, म्हणून तो तिकडे वळत नाही, हे त्या संपादकांनी ओळखले होते. चांगल्या कामाची अपेक्षा नुसत्या सद्‌भावनेवर सोडून चालत नाही, ते काम माणसाच्या नेहमीच्या कामात गुंफावे लागते.

कोणीही लिहिले तर?

आता सर्वांच्या मनातला प्रश्न. कोणीही लिहू शकतो, तर त्यावर विसंबायचे कसे? आणि तेही आरोग्याच्या बाबतीत?

हा धोका खरा आहे. मे २००५मध्ये जॉन सीगेंथेलर या अमेरिकी पत्रकाराविषयी विकिपीडियावर कोणी तरी धादांत खोटी माहिती घातली. केनेडी बंधूंच्या हत्यांशी त्यांचा संबंध जोडला होता. चार महिन्यांहून अधिक काळ ती तशीच राहिली. प्रत्येक बदलाची नोंद होती, पण ते पान कोणी पाहतच नव्हते. त्यानंतर इंग्रजी विकिपीडियाने नाव न नोंदवता नवे पान सुरू करण्याची मुभा काढून घेतली. त्याच वर्षी जूनमध्ये ‘लॉस एंजेलिस टाइम्स’ने आपला अग्रलेख वाचकांना विकीप्रमाणे बदलू दिला. दोन दिवसांत तो प्रयोग शिवीगाळ आणि अश्लील चित्रांमुळे गुंडाळावा लागला.

या दोन घटनांमधून दोन वेगळे धडे मिळतात. पहिला: नोंद ठेवणे पुरेसे नाही, नोंद पाहणारा डोळा हवा. दुसरा: प्रत्येक मजकूर विकीला मानवत नाही. अग्रलेख हे मत असते आणि मताला पडताळणी नसते. रबरी रिंग बदलली की ओढ वाढते की नाही, हे मात्र यंत्रच सांगते. ज्याची पडताळणी करता येते त्या मजकुरात अनेक हात लागले की तो सुधारत जातो. म्हणूनच तांत्रिक नोंदी हे विकीचे सर्वांत सुरक्षित क्षेत्र आहे.

तरीही आरोग्यात एका आकड्याची चूक महागात पडते. इंग्रजी विकिपीडियावरील वैद्यकीय लेखांसाठी म्हणूनच वेगळे नियम आहेत. औषधाचे डोस सहसा लिहू नयेत, असा एक संकेत आहे. कोणी दशांश चिन्ह इकडचे तिकडे केले आणि त्याच घटकेला कोणी ते वाचले, तर मागाहून केलेल्या दुरुस्तीचा त्या वाचकाला उपयोग नसतो. आधार म्हणून सुट्या प्रयोगांऐवजी अनेक प्रयोगांचा आढावा घेणारे आणि शक्यतो गेल्या पाच वर्षांतले निबंध द्यावेत, असा दुसरा संकेत आहे. जर्मन विकिपीडियाने २००८पासून आणखी एक बांध घातला. नवख्या माणसाने केलेला बदल अनुभवी सदस्याने पाहिल्यानंतरच सर्वसाधारण वाचकाला दिसतो.

रुग्णालयाच्या किंवा प्रयोगशाळेच्या आतल्या विकीत तर हे आणखी सोपे आहे, कारण तेथे लिहिणारे सगळे ओळखीचे असतात. बहुतेक पाने सर्वांना खुली ठेवावीत. पण यंत्राचे प्रमाणीकरण, विजेचे धोके, ऑक्सिजनचा दाब, निर्जंतुकीकरणाचे तापमान आणि वेळ अशी पाने जबाबदार माणसाने तपासल्याखेरीज बदलू नयेत. रुग्णाचे नाव, नोंदणी क्रमांक किंवा कोणताही पासवर्ड विकीत कधीच येऊ नये. जुन्या आवृत्त्या साठवून ठेवणे हा जो विकीचा गुण, तोच येथे दोष ठरतो: एकदा लिहिलेले पान बदलले तरी मागच्या आवृत्तीत ते शिल्लक राहते.

ओसाड वाड्याचे दुखणे

खोडसाळपणापेक्षा विकीचा मोठा शत्रू आहे ओसाडपणा. उत्साहाने विकी सुरू होते, पहिल्या महिन्यात चाळीस पाने होतात आणि मग कोणी फिरकत नाही. दोन वर्षांनी एखादा नवा तंत्रज्ञ ती उघडतो, त्यातल्या सूचनेप्रमाणे वागतो, आणि ती सूचना केव्हाच काढून टाकलेल्या यंत्राची निघते. त्यानंतर तो विकीवर विश्वास ठेवत नाही. शिळी माहिती ही नसलेल्या माहितीपेक्षा वाईट, कारण ती शहाण्यासारखी बोलते.

यावर उपाय तांत्रिक नाही, व्यवस्थेचा आहे. विकी सर्वांची असली तरी तिचा एक माळी लागतो. विखुरलेली पाने जोडणे, एकाच विषयाची दोन पाने झाली असतील तर ती एक करणे, जुने पान बाजूला काढणे, न लिहिणाऱ्याला ‘काल तू जे केलेस ते दोन ओळींत टाक’ म्हणून आठवण करणे, हे त्याचे काम. आठवड्यातले दोन तास त्याला यासाठी अधिकृतपणे द्यावे लागतात. ‘फावल्या वेळात करा’ म्हटले, की ते काम होत नाही, हा सर्व कार्यालयांचा अनुभव आहे.

दुसरा उपाय म्हणजे प्रत्येक पानावर ‘शेवटची तपासणी’ अशी तारीख आणि तपासणाऱ्याचे नाव ठेवणे. पानात काही बदलले नसले, तरी कोणी तरी ते यंत्रासमोर उभे राहून वाचले आहे, हे त्यावरून कळते. तिसरा उपाय सुरुवातीचा. सगळ्या यंत्रांची पाने लिहायला बसू नये. गेल्या वर्षभरात जी दहा यंत्रे सर्वाधिक वेळा बंद पडली, त्यांच्यापासून आरंभ करावा. दुरुस्तीच्या नोंदवहीत ती यादी असतेच.

खर्चाची सबब येथे चालत नाही. विकिपीडिया ज्यावर चालतो ते मीडियाविकी हे सॉफ्टवेअर विनामूल्य आहे. डोकूविकी त्याहून हलके आहे. त्याला डेटाबेसही लागत नाही, पाने साध्या फायलींत साठवली जातात. एखादा जुना संगणक आणि रुग्णालयाच्या आतले नेटवर्क एवढ्यावर ते चालू शकते. यंत्रावर एक क्यूआर कोड चिकटवला, की वॉर्डातल्या परिचारिकेच्या फोनवर त्या यंत्राचे पान उघडते.

आपल्या भाषेतली दोन ओळी

आपल्याकडे दुरुस्तीच्या हक्काची चर्चा सुरू झाली आहे. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२मध्ये त्यासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस पोर्टल सुरू केले. शेतीची अवजारे, मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक वस्तू, घरगुती उपकरणे आणि वाहने ही क्षेत्रे त्यासाठी निवडण्यात आली. वैद्यकीय उपकरणे त्या चार क्षेत्रांत नव्हती. ज्या यंत्रावर बाळाचा श्वास अवलंबून आहे, त्याची पुस्तिका मिळवणे ट्रॅक्टरच्या पुस्तिकेपेक्षा अवघड राहावे, हे योग्य नाही. यंत्र खरेदी करतानाच दुरुस्तीची पुस्तिका मिळाली पाहिजे, ही अट निविदेत घालणे हा त्यावरचा पहिला आणि बिनखर्चाचा उपाय.

पण पुस्तिका हाती आली, तरी ती इंग्रजीत असते आणि इंजिनीअरसाठी लिहिलेली असते. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात रात्रपाळीला असते ती परिचारिका आणि एखादा वॉर्डबॉय. त्यांना हवे असते ते ‘लाल दिवा लागला तर काय करू?’ या प्रश्नाचे मराठीतले सरळ उत्तर. ते उत्तर परदेशातली कंपनी लिहिणार नाही. ते लिहू शकतो शेजारच्या तालुक्यातला तो माणूस, ज्याच्यापुढे गेल्या महिन्यात तोच लाल दिवा लागला होता.

आज ते ज्ञान आहे, पण ते माणसागणिक विखुरलेले आहे. एखादा अनुभवी तंत्रज्ञ निवृत्त होतो, त्याला शाल-श्रीफळ मिळते, आणि तीस वर्षांत कमावलेले शेकडो बारकावे त्याच्याबरोबर दाराबाहेर पडतात. निरोपाच्या भाषणात सगळे त्याची उणीव भासेल असे म्हणतात आणि पुढच्या सोमवारपासून ती खरोखरच भासू लागते. निवृत्तीच्या आधीचे सहा महिने त्याला आठवड्यातून एक दुपार मोकळी दिली, शेजारी एक तरुण तंत्रज्ञ बसवला आणि एकाने सांगायचे, दुसऱ्याने विकीत लिहायचे असे ठरवले, तर चोवीस-पंचवीस दुपारींत बरेच काही कागदावर, म्हणजे पडद्यावर उतरेल. त्यासाठी शासन निर्णयाची वाट पाहावी लागत नाही. विभागप्रमुखाने मनावर घेतले, की येत्या आठवड्यातही सुरुवात करता येते.